पार्कातली निवड समिती

आमच्या आवडत्या रग्बी टीमचा अटॅक कोच, म्हणजे चढाईचे डावपेच शिकवणारा, ऐन लॉकडाऊनमध्ये सोडून गेला होता, तेव्हाचं सांगतो. व्यायामाला बाहेर पडायचं तर दोघांनीच, असा नियम होता आणि सिडनीतल्या केलीव्हिलमधले आम्ही रग्बीवेडे पडलो तिघं. मग रोज दुपारी पार्कात मी आणि नीलेश पुढे चालायचो आणि अमोल दहा पावलं मागे, फोन कानाला लावून आमच्याशीच बोलत. नवा कोच कोण असावा, हे ठरवायची जबाबदारी आमच्यावरच आहे अशा थाटात.

त्या दिवशी नीलेश म्हणाला, "या वेळी बाहेरच्या टीममधला आणायला हवा."

अमोल फोनबिन विसरून थेट आमच्या मध्ये घुसला. "तुला अजून ऑफसाइड कळत नाही, आणि तू कोच निवडणार?"

नेमका समोरून पोलीस आला. "तिघं एकत्र काय करताय?"

मी घाबरून खरं तेच सांगितलं. "नवा अटॅक कोच आतला की बाहेरचा, यावर वाद चाललाय."

त्याने नीलेशकडे पाहिलं. "बाहेरचा? मित्रा, तुला वेड लागलंय का?"

मग तो पंधरा मिनिटं हातवारे करत बोलत राहिला. नीलेश त्याच्याशीही भांडला, मागे हटेना.

तेवढ्यात पोलिसाचा रेडिओ खरखरला. कुणीतरी तक्रार केली होती, की पार्कात चौघं जमून भांडतायत, आणि सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याने पोलिसाचे कपडे घातलेत.