नाताळचं पुस्तक यंदा कोण वाचणार

मंडळी, हा माईक कोणी जरा खाली कराल का? हां. मागे ऐकू येतंय ना? नसेल तर हात करा, नाहीतर मी आपला बोलत बसेन आणि तुम्ही आपले बघत बसाल.

आज या शोकसभेला वाचनालयाच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्यात. रोह्यातले बरेच जण आलेत, कोलाडहून आलेत, माझ्या ओळखीचे दोघं पेणहून आलेत. शालिनीबाई दर शनिवारी चार वाजता इथे मुलांना पुस्तक वाचून दाखवायच्या, तेव्हा यातले किती मोठे लोक फिरकले? मी भांडायला उभा नाही. पण विचारतो. किती?

मला बोलता येत नाही. सातवीत शाळा सुटली, तीही नापास होऊन. माझ्या आधी चौघं बोलले, चौघंही शिकलेले. ते म्हणाले, बाई शांत होत्या, कधी कोणावर चिडल्या नाहीत. मंडळी, माफ करा, पण कोणत्या बाईंबद्दल बोलत होते हे? बाई माझ्यावर चिडायच्या. मी त्यांच्यावर चिडायचो. आमचं शेवटचं बोलणं भांडणच झालं, आणि ते मिटायचं राहिलं. हे कुठे सांगायचं? इथेच सांगतो.

मी मूळचा पेणजवळच्या जोह्याचा. गणपतीच्या कारखान्यात चाळीस वर्षं आखणी केली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. अंग कोणीही रंगवो, डोळ्यांना मूर्ती माझ्याकडे यायची. पुढे कंबर गेली, पाटावर बसवेना, म्हणून इथे रोह्याला मुलीकडे आलो. नातीला, ओवीला, शनिवारी वाचनाला आणायचो आणि मागे भिंतीला टेकून बसायचो. मला वाटायचं, बाईंचं माझ्याकडे लक्ष नाही. होतं. एकदा म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही चित्रंच बघता. चला, पुस्तकं निवडायला मला माणूस हवाय."

बाई दर सणाला त्या सणाचं पुस्तक वाचायच्या. गणपतीला गणपतीचं, ईदेला ईदेचं. एक दिवस रिया उठून उभी राहिली. रियाचे बाबा धाटावला कंपनीत आहेत, शिफ्टमध्ये असतात. ती आत्ताही आईबरोबर इथे बसलीय, ती बघा. तेव्हा पहिलीत होती. म्हणाली, "बाई, माझ्या सणाचं पुस्तक कधी वाचणार?" इतकी वर्षं वाचलं आणि नाताळ राहिला कसा? घरी जाताना मला म्हणाल्या, "अण्णा, लाज वाटली हो मला."

तिथून आमच्या मागे तो घोर लागला.

तुम्हाला वाटेल, नाताळचं पुस्तक काय, शंभर मिळतील. मिळतात! आणून बघा. आम्ही पेणला पुस्तकांच्या प्रदर्शनाला एस.टी.नं गेलो. नागोठण्याला गाडी बंद पडली, उन्हात तासभर उभे राहिलो. पोचलो, तर टेबलभर नाताळ. पण कसला? नुसता बर्फ. पानापानावर बर्फ, आणि धुराड्यातून उतरणारा लाल कपड्यातला म्हातारा. आपल्याकडे कोणाच्या घराला धुराडं आहे? बाईंनी एक आणून वाचून बघितलं, तर एक पोर लगेच म्हणालं, "बाई, येडा हाय का तो? कौलं सरकवून नाय का उतरायचा?" पुढचा अर्धा तास कौलांवरच गेला. दुसऱ्या पुस्तकात बटण दाबलं की गाणं वाजायचं. पोरं बटणावरच भांडायला लागली. तिसऱ्याचं मराठी असं, की एकेक वाक्य चार ओळींचं. मोठ्यानं वाचताना बाईंचा श्वास संपायचा, वाक्य संपायचं नाही.

बाईंची रीत अशी. दुकानात उभ्या राहून पान मोठ्यानं वाचायच्या. दुकानदार म्हणायचा, "बाई, घ्यायचं असेल तर घ्या, इथे शाळा भरवू नका." बाई ऐकायच्या नाहीत. जीभ कुठे अडखळते ते बघायच्या. मग मला दहा पावलं मागे पिटाळायच्या. "अण्णा, तिथून चित्र दिसतंय का? शेवटच्या रांगेतल्या पोराला दिसलं पाहिजे." मी आपला गर्दीत मागे मागे जातोय, लोकांच्या पायांवर पाय देतोय, आणि बाई पुस्तक वर धरून उभ्या. दोघं म्हातारे. लोक हसायचे.

माझी रीत वेगळी. मी डोळे बघायचो. चित्रातल्या माणसाचे डोळे मेलेले असले की पुस्तक खाली. यावरून आमचं कायम वाजायचं. बाई म्हणायच्या, आधी शब्द. मी म्हणायचो, आधी डोळे.

गेल्या वर्षी शेवटी मनासारखं पुस्तक मिळालं. बर्फ नाही, म्हातारा नाही. गोठा, आणि गवतावर ठेवलेलं बाळ. गाय येते, गाढव येतं, मेंढरं येतात. बाईंनी वाचलं आणि त्यांचं तोंड असं उजळलं म्हणून सांगू! कव्हर घालायला पुस्तक माझ्याकडे दिलं.

आता मी काय केलं ते सांगतो. इथे कोणाला माहीत असेल, कोणाला नसेल.

दुपारी कव्हर घालायला बसलो. पानं उलटली. प्रत्येक पानावर बाळाचे डोळे मिटलेले. आमच्या कारखान्यात डोळे उघडल्याशिवाय मूर्ती दाराबाहेर जात नाही. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. म्हटलं, छापणाऱ्यानं काम अर्धवट सोडलं. एवढं चांगलं पुस्तक, आणि पोरांसमोर असं जाणार? माझ्याकडचा बारीक ब्रश काढला आणि सातही पानांवर बाळाचे डोळे उघडले. खोटं का बोलू, छान झाले होते. कुठल्याही बाजूनं बघा, बाळ तुमच्याकडेच बघतंय.

शनिवारी बाईंनी पुस्तक उघडलं. सगळी पोरं पुढे सरकलेली. रिया नवा फ्रॉक घालून पहिल्या रांगेत. बाईंनी वाचलं, "हळू या गाईबाई, बाळ झोपलंय." पुढच्या पानावर, "हळू ये रे गाढवा, बाळ झोपलंय." सातही पानांवर तेच, बाळ झोपलंय.

आणि बाळ टक्क उघड्या डोळ्यांनी बघतंय.

"बाई, जागं हाय!" एक ओरडला. मग सगळीच. "बाई, सोंग करतंय! बाई, गाढवानं उठवला त्याला!" हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. बाईंनी मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं. मग शेवटच्या पानापर्यंत वाचलं. त्या हसण्यातूनच वाचलं. रिया तेवढी हसली नाही. खाली बघत बसली होती. जाताना बाईंना म्हणाली, "माझ्याच सणाला सगळे हसले." बाईंनी तिला जवळ घेतलं आणि शब्द दिला, पुढच्या नाताळाला नीट वाचेन.

हॉल रिकामा झाल्यावर मला म्हणाल्या, "अण्णा, पुस्तक वाचलं होतं का?"

म्हटलं, "बघितलं होतं."

"मी काय विचारलं? वाचलं होतं का?"

काय सांगणार? जोडाक्षर आलं की मी अडतो. एक पान वाचायला मला वेळ लागतो, म्हणून मी चित्रांवर भागवतो, हे मुलीलासुद्धा सांगितलं नव्हतं. बाईंनी तोंडावर ओळखलं. म्हणाल्या, "एक ओळ वाचली असतीत तर ब्रश हातात घेतला नसतात." पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

नंतर शिक्षा दिली. यंदा गणपती गेल्यापासून दर बुधवारी त्यांच्या घरी जायचं आणि नाताळचं एकेक पुस्तक मी मोठ्यानं वाचायचं, त्यांनी ऐकायचं. या वयात! घाम फुटायचा. "बाई, सोडा हो आता," म्हणायचो. त्या म्हणायच्या, "अडलात तर अडा. मुलं थांबतात. मोठेच थांबत नाहीत." मी रागानं वाचायचो. त्या चहा करायच्या, आतून ओरडायच्या, "ती ओळ खाल्लीत! परत!"

असं करत करत दोन पुस्तकं उरली. एकातली चित्रं बघावीत अशी, सगळ्यांच्या डोळ्यांत जीव आहे, पण मराठी एवढं जड की पहिल्या ओळीला मी चार वेळा पडलो. दुसरं अगदी साधं. गावात पाहुणे येतात, कोणाकडे जागा नाही, शेवटी एक जण गोठ्यात जागा देतो. ते मी न अडता वाचलं. अख्खं. पण चित्रांत माणसांना डोळेच नाहीत हो! प्रत्येकाला दोन ठिपके. काळे ठिपके! चाळीस वर्षं डोळे काढलेल्या माणसानं ठिपके कसे घ्यायचे?

मंगळवारी फोनवर तेच भांडण. मी म्हटलं, "बाई, ठिपके हायत नुसते. डोळे म्हणतात याला?"

"पोरांना ठिपक्यात डोळे दिसतात. तुम्हालाच दिसत नाहीत."

"मग तुमचं तुम्ही वाचा."

"मी नाही ठरवणार यंदा. तुम्ही ठरवा. वाचून ठरवा."

मी फोन ठेवून दिला. रागानं ठेवला. बुधवारी गेलो नाही. मुलीला सांगितलं, कंबर दुखतेय. आणि गुरुवारी सकाळी बातमी आली, बाई गेल्या.

बुधवारी गेलो असतो तर? त्यांनी चहाला दूध जास्त घेऊन ठेवलं असेल. मी आलो नाही म्हणून वाट बघितली असेल का? हे कोणाला विचारू? मला बाईंचाही राग येतोय, मंडळी. असा कोणी निम्म्यावर विषय टाकून जातो का?

आणि आज इथे आल्यावर बाहेर चपला काढताना काय ऐकलं? वाचनालयाचे सेक्रेटरी साहेब म्हणाले, यंदा वाचन नको, बरं दिसत नाही, फार तर पोरांना पडद्यावर कार्टून लावू. साहेब, तुम्ही माझ्यापेक्षा शिकलेले. पण वाचनाला कसलं सुतक? आणि कार्टून अडलेल्या माणसासाठी थांबणार आहे का? बाईंनी या पोरीला शब्द दिलाय. शब्द देणारं माणूस गेलं म्हणून शब्द गेला का? मला झोप लागत नाही हो या काळजीनं. कोण वाचणार, कसं वाचणार, पोरं परत हसली तर.

काल दुपारी, बाईंनी माझ्याकडे ठेवलेली ती दोन्ही पुस्तकं घेऊन बसलो. आधी वाचली. बाईंनी सांगितलं तसं, मोठ्यानं. ओवीला दहा पावलं लांब बसवलं. ठिपक्यांच्या पुस्तकात तो गोठेवाला दार उघडतो, ते पान आलं. ओवी म्हणाली, "आजोबा, हा घाबरलाय." मी चित्र जवळ घेऊन बघितलं. ठिपकेच होते. तिला विचारलं, "तुला कसं कळलं?" म्हणाली, "बघतोय बघा ना कसा."

ठिपक्यांचंच पुस्तक घेतलं मी. चाळीस वर्षं डोळे काढून.

रिया, बाळा, इकडे बघ. नाताळच्या आधीच्या शनिवारी चार वाजता इथे ये. मी वाचणार आहे. बाईंसारखं येणार नाही. मी अडेन. अडलो तर थांब, आणि फारच अडलो तर पहिल्या रांगेतून सांग. पुस्तकाला कव्हर तुझी आई घालेल. माझ्या घरी ते आता ठेवणार नाही. आणि सेक्रेटरी साहेब, हॉलची किल्ली मला त्या दिवशी तीन वाजता लागेल.

मंडळी, आता उभं राहू नका. बाई पुस्तक वर धरायच्या आणि पहिला शब्द यायच्या आत पोरं जशी गप्प व्हायची, तशी दोन मिनिटं बसल्या जागी गप्प बसू या. मोबाइल बंद करा.

बाई, पुस्तक वाचून ठरवलं. नमस्कार करतो.