नाताळच्या उपासनेतला माझा चढलेला सूर

अगं, मुलुंडच्या चर्चमध्ये मी पहिल्यांदा एकटीने गायले ना, तेव्हाची गंमत ऐक! ऐंशी-ब्याऐंशी साल असेल. मी लहान असताना आई गेली आणि बाबांनी चर्चची पायरी सोडली. मी मात्र दर रविवारी जायचे. नाताळला गाणार होते, म्हणून म्हटलं, "बाबा, आज माझ्यासाठी तरी या ना!" त्यांनी पेपरमधून मान वर केली नाही.

उपासनेत उभी राहिले आणि घाबरून सूरच एवढा वर लावला की दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला. थांबलेच! पेटीवर आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब होते. ते खुणावतायत, "घे, घे!"

एवढ्यात दारातून भरदार आवाजात तीच ओळ आली, खालच्या सुरात. बाबा! ते गातात हेच मला माहीत नव्हतं. त्यांचा सूर पकडला आणि काय झकास गायले सांगू!

उपासना सुटल्यावर पाळकसाहेब हात पसरून धावले, "या, या! किती वर्षांनी!"

बाबा म्हणाले, "ते राहू द्या. गाण्याआधी पोरीला सूर कोण देणार? आजपासून पेटीवर मी बसतो."

पुढची अकरा वर्षं उठलेच नाहीत!