मुख्य द्वारासमोर सांबारवडी

जबाब देणार : श्रीमती छाया कामडी, वय ४६ वर्षे, धंदा सांबारवडी करून विकणे, राहणार वाघडोह, तहसील सौंसर, जिल्हा पांढुर्णा (म.प्र.)
ठिकाण : पोलीस चौकी, वाघडोह. दिनांक १३ जानेवारी २०२६, मंगळवार, दुपारी २ वाजून १० मिनिटे.

मी चौकीत समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील नाव, पत्ता व धंदा माझाच आहे. जबाब हिंदीत घेण्याची पद्धत आहे असे हवालदार साहेब म्हणाले. भांडण मराठीत झाले आहे, असे मी सांगितले. म्हणून मराठीत लिहून घेत आहेत.

वाघडोहचा बाजार मंगळवारी भरतो. अकरा वर्षांपासून मी बाजारातल्या चिंचेखाली वड्या तळते. जामसांवलीहून मारुतीचे दर्शन करून परतणारे लोक तिथे थांबतात. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या निवडणे, चिरणे, सारण भरणे, तळणे हे सर्व मी एकटी करते.

मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या उजव्या हातावर तेल सांडले. त्याबद्दल कोणावर तक्रार नाही. पाच बाजार मी गेले नाही. सहाव्या बाजारी गेले तेव्हा चिंचेखाली प्लास्टिकच्या बादल्या मांडलेल्या होत्या. बादलीवाला म्हणाला, "बाई, तुमच्यापाशी जाग्याचा कागद हाय का?" माझ्यापाशी नव्हता. त्याच्यापाशीही नव्हता, पण तो अगोदर येऊन बसला होता. त्या दिवशी मी वड्या उन्हात, गुरांच्या बाजाराकडे तळल्या. निम्म्या घरी परत आणल्या.

दुसऱ्या दिवशी मी नगर परिषदेत परवानगीसाठी अर्ज केला. सप्टेंबर ते जानेवारी मी एकूण चौदा वेळा गेले. तीन वेळा अर्ज परत आला, कारण पतीच्या सहीची जागा कोरी होती. पती कुठे आहेत असे विचारले. मला माहीत नाही असे मी सांगितले. कधीपासून असे विचारले, त्याचे उत्तर मी दिले नाही व आताही ते लिहून घेऊ नये. चौथ्या वेळी बाबू प्रेमलता मॅडम यांनी त्या जागी स्वतःच्या हाताने 'अर्जदार स्वतः' असे लिहिले आणि म्हणाल्या, "कर इथं सही. कोण काय म्हनते ते मी पाहीन." त्यानंतर अर्ज पुढे गेला.

दिनांक ९ जानेवारी, शुक्रवारी मला परवानगीचा कागद मिळाला. त्यावर बाजार अधिकारी रोहित साहेब यांची सही व गोल शिक्का आहे. मी तो घरी देवापुढे ठेवला व नंतर वाचला. स्थान या रकान्यात 'नगर परिषद कार्यालय, मुख्य द्वार के सामने' असे छापलेले होते. चिंचेचा उल्लेख कुठेही नव्हता.

सोमवारी मी कागद घेऊन परत गेले. प्रेमलता मॅडमनी पाहून कपाळाला हात लावला. कॉम्प्युटरने अर्जदाराच्या जागेऐवजी ऑफिसचाच पत्ता टाकला, असे त्यांचे म्हणणे पडले. मी रोहित साहेबांकडे गेले व म्हटले, "साहेब, जागा चुकली जी." साहेब मोबाईलवर बोलत होते. कागदाकडे न पाहता ते म्हणाले, "कागदावर लिहिलं आहे तिथंच बसायचं. एक इंचही इकडेतिकडे चालणार नाही." शिपाई नत्थूजी तेव्हा दाराशी हजर होते. मी साहेबांना दोन वेळा विचारले, "तिथंच बसू का?" साहेब दोन्ही वेळा हो म्हणाले.

आज संक्रांतीच्या आदल्या दिवशीचा बाजार, म्हणजे वर्षातला मोठा बाजार. सकाळी नऊ वाजता मी मुख्य द्वारासमोर शेगडी मांडली. जाण्यायेण्यास दीड हात वाट सोडली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या कडीला बांधला. दहा वाजेपर्यंत बरीच रांग लागली. रांगेत नगर परिषदेचे कर्मचारी होते, त्यांची नावे मी सांगणार नाही, त्यांना उद्या कामावर जायचे आहे.

साडेदहाच्या सुमारास रोहित साहेब आले. त्यांच्यात व माझ्यात पुढील बोलणे झाले.

"काय करून राहिल्या तुम्ही इथं?"

"तुमी सांगतलं थेच करून राहिली. एक इंच इकडंतिकडं नाई."

साहेबांनी कागद वाचला. सही वाचली. मग पुन्हा सही वाचली. "ही चूक आहे," असे म्हणाले. मी म्हटले, "तसं लिहून द्या, आत्ताच उठते." चूक कोणाची असे लिहायचे, ते आत जाऊन पाहतो, असे साहेब म्हणाले. पण सोडलेल्या वाटेत रांग उभी होती. रांगेतल्या एकाने त्यांना मागून यायला सांगितले. साहेब म्हणाले, "मी माझ्या ऑफिसात जायला वडीच्या रांगेत उभा राहणार नाही," आणि दाराशेजारच्या खिडकीकडे गेले. त्या खिडकीची जाळी निघालेली आहे व तिच्या खालीच माझी कढई होती.

साहेब खिडकीतून अर्धे आत गेले. आतून नत्थूजी त्यांचे हात ओढत होते. बाहेर राहिलेला पाय हवेत फिरत माझ्या कढईवर आला. तेल तापलेले होते. तापलेले तेल काय करते ते मला माहीत आहे. मी झारा टाकून त्यांचा पाय दोन्ही हातांनी धरला.

साहेबांच्या तक्रारीत मी पाय ओढला असे लिहिले आहे. हवालदार साहेबांनी विचारले, ओढला की धरला? मी धरला. ओढला असता तर साहेब बाहेर आले असते. ते आत गेले. बूट माझ्या हातात राहिला. तो मी पुसून खिडकीवर ठेवला. रांगेतले कोणी तरी ओरडले, "धरले का नाई शेवटी साहेबाचे पाय!" त्यावर लोक हसले. साहेबांचा संताप त्या हसण्यावर आहे, माझ्यावर नाही, असे मला वाटते. मी हसले नाही.

साहेबांच्या तक्रारीवरून मला इथे आणले. त्यानंतर नत्थूजी आले व कढई खिडकीखाली होती, बाईने पाय धरला म्हणून साहेब वाचले, असे त्यांनी साहेबांच्या तोंडावर सांगितले. ते रोहित साहेबांच्याच हाताखाली नोकरी करतात. साहेबांनी माझ्या उजव्या हाताकडे पाहून विचारले, "हे तेलाचंच का?" मी हो म्हटले. थोड्या वेळाने साहेबांनी तक्रार परत घेतो असे सांगितले.

चौकीत आलेल्या ठाणेदार साहेबांनी मला काय पाहिजे ते विचारले. चिंचेखालची जागा कागदावर पाहिजे, असे मी सांगितले. रोहित साहेब म्हणाले, "कोणती चिंच?" तेव्हा असे समजले की साहेब इथे आठ महिन्यांपासून बाजार अधिकारी आहेत व ते बाजारात एकदाही आलेले नाहीत. रोहित साहेब व मी, दोघांनी मिळून जागेवर जावे, जागा मोजून तिथेच नवा कागद करावा आणि बादलीवाल्यालाही दुसरी जागा लिहून द्यावी, असे ठाणेदार साहेबांनी ठरवले. माझी त्याला हरकत नाही.

प्रेमलता मॅडम शिक्का घेऊन आल्या आहेत. रोहित साहेब मोजायचा टेप घेऊन बाहेर उभे आहेत. त्यांना बाजाराचा रस्ता माहीत नाही, तो मी दाखवणार आहे. बाजार पाच वाजता उठतो आणि सारण अर्धे शिल्लक आहे, म्हणून याहून जास्त सांगत नाही.

माझा हा जबाब हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मग मी कागद मागून घेऊन स्वतः शब्द न शब्द वाचला. मी सांगितले तसेच लिहिले आहे, म्हणून सही करते.

(सही) छाया कामडी