माळकरी मामाची गोळी

मंडळी, ऐका! आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे. चूक मोठी, की ती झाकणारी लाज मोठी? — लगेच माना डोलवू नका, उत्तर ठाऊक असल्यासारख्या! आधी गोष्ट ऐका.

उरणकडचं एक गाव. निकेशची हळद. आणि आपल्याकडची हळद म्हणजे? लग्नाला दोनशे, हळदीला आठशे! दुपारी चारलाच डीजे सुरू! फळीवरची भांडी नाचायला लागली, तिथे माणसांचं काय!

निकेशचा मामा परशुराम. पंचेचाळिशीचा, गळ्यात तुळशीची माळ, दारूला शिवत नाही, मटणाच्या पंगतीकडे पाठ करून बसतो. पण गुडघे दुखतात — आणि भाच्याच्या हळदीत नाचायची हौस दांडगी! निकेशजवळ शहरातल्या मित्राने दिलेली एक गोळी होती. 'पार्टीत सगळे घेतात रे, काही होत नाही!' — मंडळी, हा 'काही होत नाही' म्हणणारा माणूस नंतर दवाखान्यात कधी दिसलाय तुम्हाला? मामाची दया येऊन निकेश म्हणाला,

"मामा, ही घे. दमणार नाहीस."

"दारू त नाय ना रं?"

"छे! साधी गोळी आहे."

"मंग माळेला चालतंय!"

वा रे माळकरी! देवाने काय फक्त बाटलीवर बंदी घातली होय? — मृदंगवाले, हसू नका, खिसा दाखवा!

मामा नाचला! गाणी बदलली, पोरं बदलली, मामा तोच! अंग तव्यासारखं तापलं, दात करकर वाजू लागले. निकेश घाबरला. मित्राला फोन! "पाणी पाज, भरपूर! पाण्याने सगळं उतरतं." झालं! तांब्यामागून तांब्या! थोड्या वेळाने मामाचे डोळे फिरले, तो बरळू लागला, घुमल्यासारखा डोलत खाली बसला.

निकेशची आई ओरडली, "माजे भावाचे आंगान आई आयली गो!"

कुंकू आणा! आरती आणा! आठशे माणसं हात जोडून! एक बाई पुढे सरसावली, "आई, पोराला नोकरी लागेल का?" मामाची मान लटपटली. बाई खूश, "लागेल म्हणते!"

हसताय? हसा. निकेशला मात्र हसू येत नव्हतं. ही देवी नव्हे, आपली गोळी आहे, हे आठशे माणसांत त्या एकट्याला ठाऊक! बोलावं, तर लग्न मोडतं. सोयरीक गावातलीच, होणारे सासरे समोर हात जोडून उभे! त्यातून हळद लागलेल्या नवऱ्याने मांडव सोडायचा नाही. आणि न बोलावं तर? — तेवढ्यात मामाला आकडी आली.

निकेशने आरतीचं ताट बाजूला सारलं, मामाला गाडीत घातलं. आई आणि सासरे मागोमाग. दवाखान्यात डॉक्टरबाई धावल्या — त्या निकेशकडे! "अगं बाई, एवढी कावीळ! झोपवा याला!"

"मी नवरा आहे हो! पेशंट हा!"

"काय घेतलंय यांनी?"

आई म्हणाली, "माळकरी हाय माजा भाऊस! ऊन लागलाय त्याला!"

निकेशने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. "नशेची गोळी, बाई. मीच दिली. वर दोन कळश्या पाणी पाजलं, तेही मीच."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "बोललास म्हणून कळलं. या गोळीने अंग तापतं. वर असं नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं मीठ घटतं, मेंदूला सूज येते. ऊन लागलंय समजून मी भलतेच उपचार केले असते, आणि हे गेले असते."

तिसऱ्या दिवशी मामा शुद्धीवर आला. पहिलं वाक्य काय? "गुडघे लय दुखतात रं!" लग्न पंधरा दिवस पुढे गेलं, पण झालं. सासरे म्हणाले, "जावई गाढव आहे, पण खोटा नाही."

आता माझं भांडण तुमच्याशी! गोळी देणारा एक, घेणारा एक. आणि आरती ओवाळणारे आठशे! त्यातल्या एकाने तरी मामाच्या कपाळाला हात लावला? उद्या तुमच्या मांडवात कोणी असा पडला, तर ज्याला ठाऊक आहे त्याने आधी डॉक्टरला खरं सांगावं, मग खुशाल लाजावं. आणि ज्याला ठाऊक नाही, त्याने ताट खाली ठेवून अंगाला हात लावून बघावं. देव असेल तर रागावणार नाही — माणूस असेल तर वाचेल!