मामाचा उजेड

शिकलेल्यांचं मला फारसं पटत नाही, पण नातीची एक युक्ती मी वापरली, ती लागू पडली.

माया पुण्यात दुर्बिणीच्या फोटोंवर संशोधन करते. तिला पाहायला आमच्या गावी रनाळ्याचे पाव्हणे आले. मायानं आधीच बजावलं होतं, "आबा, मुलगा स्वतः बोलला नाही तर माझा नकार." आणि मुलाला काहीही विचारलं की उत्तर त्याचा मामा देई.

शेवटी मामानंच विचारलं, "बेटा, तू काय करस?"

तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. "हा लखलखता ठिपका क्वेसार. त्याच्याभोवती ताऱ्यांची अख्खी दीर्घिका आहे, पण ह्याच्या उजेडात ती दिसत नाही. म्हणून फोटोतून आधी ह्याचा उजेड वजा करायचा."

मी लगेच माझ्या पोराला सांगितलं, "मामासले ऊस दखाड."

मामा मळ्यात ऊस बघायला गेला. मुलगा तरी गप्पच. मी मायाच्या कानात म्हटलं, "आते बी काही दखास नही."

"दिसेल. फिकट असतं, आबा. कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो."

मी तोंड मिटून बसलो. मला ते जमत नाही, तरी बसलो. चहा थंड झाल्यावर मुलानं मान वर केली. "उजेड वजा करताना दीर्घिकाही थोडी कापली जात असेल ना?"

माया खुर्ची ओढून पुढं सरकली. "तीच तर भीती असते."

दोघं बोलत होते तेवढ्यात मामा परतला. मी त्याला दारातच धरलं. "कोठे चालनात? आजून केळीना बाग दखाना बाकी शे."