सरदार कधी ‘बरं’ म्हणत नाही

—नाही नाही, बोलू नका हां ताई, पॅक लावलाय, ओठ हलले की तडकतो, मग तोंडाचा नकाशा होतो. वाळेपर्यंत गप्प पडून राहा, मी बोलते. ते खुर्चीवरचं पुस्तक ना? गिऱ्हाइकांसाठी ठेवलंय असं मी सगळ्यांना सांगते, पण माझंच आहे. सरदाराची मालिका. नऊ भाग झाले, दहावा येतोय. कसं आहे म्हणाल तर भिकार. अगदी भिकार. प्रत्येक भाग तीनदा वाचलाय म्हणून सांगते.

आता हेच बघा — राजकन्येला शत्रू पळवून नेतो, आठवडाभर जंगलात, घोड्यावर, ना आंघोळ ना कंगवा, आणि सरदार सोडवायला येतो तर म्हणे तिच्या मोकळ्या केसांतून त्याची बोटं अलगद फिरली. अलगद! अहो, एका रात्रीच्या प्रवासाने बायकांच्या केसांत माझा कंगवा अडकतो, तिथे ह्याची बोटं कात्रीने सोडवावी लागली असती. लेखकाला केसच नसावेत, माझी खात्री आहे, फोटोतसुद्धा टोपी आहे. आणि तो घोडा — पहिल्या भागात म्हातारा होता, नवव्यातही तोच, दोन माणसं पाठीवर घेऊन दरीवरून उडी मारतो. सरदाराची छाती तर विचारूच नका, प्रत्येक मुखपृष्ठावर उघडी, थंडी असो की लढाई. मग चिलखत कशाला घडवलंय रे बाबा? — हसू नका, तडकेल.

पण एक आहे. मागणी घालावी तर त्यानेच. चौथ्या भागात तो विचारतो, ती म्हणते ‘अशक्य!’ आणि पाठ फिरवते. वादळातून पुन्हा येतो — पुन्हा ‘अशक्य!’ तिसऱ्यांदा जखमी होऊन येतो, तेव्हा कुठे बाईसाहेब पाघळतात. आधी नाहीच म्हणायचं असतं ना हो? लगेच हो म्हटलं तर बाईमाणसाची काय किंमत राहिली? आमची आईही हेच म्हणायची — अर्थात तिला कुणी विचारलंच नव्हतं, थेट लग्नच लावून दिलं, ते सोडा.

तुम्हाला म्हणून सांगते, पहिल्यांदाच आलायत, ओळख ना पाळख, तेव्हा बाहेर जाणार नाही. आमचे एसीवाले. खिशाला टेस्टर, बोलणं मोजूनमापून. दिसायला सरदार नाहीत, सरदाराचे मोतद्दार म्हणा. पण स्टूलवर चढायच्या आधी चपला काढणार, खाली पडलेली धूळ स्वतः पुसणार. गिऱ्हाईक नसलं की हे बसायचे जरा — हे म्हणजे ते, ते बसायचे. मी गोष्ट सांगायची, भाग एक, भाग दोन, आणि सगळं ऐकून विचारणार काय, तर ‘त्या घोड्याला पाणी कोण पाजतं?’ बोला आता!

तर गेल्या महिन्यात, स्टूलवर उभे, हातात फिल्टर, त्यातून पाणी टपटपतंय, आणि वरूनच म्हणाले, ‘तुम्ही एकट्या, मी एकटा. चालत असेल तर लग्न करू या का?’ ना वादळ, ना जखम! आणि माझ्या हातात नेमका चौथा भाग. मी म्हटलं ‘अशक्य!’ आणि पाठ फिरवून बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. कानात प्राण आणून ऐकतेय — आता उतरतील, आता मागे येतील. ‘बरं,’ म्हणाले. बरं! फिल्टर बसवला, फरशी पुसली आणि गेले. नऊ भागांत सरदार एकदाही ‘बरं’ म्हणत नाही हो.

मला वाटलं, येतील. दुसऱ्या वेळचं ‘अशक्य’ जरा हळू म्हणायचं, असंही ठरवून ठेवलं होतं. नाही आले. मग मीच एसीत कापूस कोंबला आणि तक्रार नोंदवली, तर दुसराच कुणी आला, मिशीवाला. ‘बाई, आत कापूस कसा?’ मी म्हटलं, उंदीर असेल. तो गेल्यावर ढसाढसा रडले, ह्याच खुर्चीत. त्या मेल्या सरदारापायी माझा चांगला माणूस हातचा गेला. माझं वय काय तीन-तीनदा नाही म्हणायचं आहे का, सांगा — नको, सांगू नका.

अगं बाई, हसताय काय अशा? गेला ना पॅक, कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा! थांबा, पुसते. हं, बोला आता. … काय? कुणाचा भाऊ? तुमचा? सख्खा? … अहो, मग आधी नाही का सांगायचं! — हो, मीच तोंड बंद केलं तुमचं. … म्हणजे मी कशी आहे ते बघायला आलात? … धड जेवत नाहीत? … मग विचारलं का नाही पुन्हा? … बाईमाणूस एकदा नाही म्हणाली की पुन्हा विचारणं शोभत नाही — असं म्हणाले? असं म्हणाले ते?

उठा. उठा वन्सं — ताई, ताई म्हणायचं होतं मला. मसाज राहू दे, पुढच्या खेपेला. कानामागे पॅक राहिलाय थोडा, राहू दे तोही. थेट घरी जा, वाटेत कुठे थांबू नका. काय सांगू म्हणजे? सांगा, एसी ठणठणीत चाललाय. तरी या, म्हणावं.