मागच्या बोरिंगचं पानी

खोटा हाये तुमचा धागा, मॅडम, साफ खोटा, असा मी भर लॅबमधी उभा राहून बोंबलून राह्यलो होतो, आन माझा आवाज म्हनजे काय सांगू तुमाले, यवतमाळात ओरडलो तर पार तिकडं राजूरच्या कोळशाच्या खदानीतला मानूस डोक्यावरची टोपी धरते. राठोड मॅडम कॉम्प्युटरच्या पडद्याकडं पाहत बसल्या होत्या. मले वाटलं, जितलो.

पन आधी मी कोन ते सांगतो. मी देवराव, राळेगावकडचा. बाप लोकाइच्या पराटीवर, म्हनजे कपाशीवर, औषधाचे फवारे मारे. घरी आला की त्याच्या हाताचा वास भाकरीले लागे, माय म्हने अंग धुवून ये, नाही तर घरातले डासबी मरतीन, तो म्हने मरू दे, फुकटात मरून राह्यले. मी दहावी झालो, तेबी मास्तर दमले म्हनून, आन पानी तपासाच्या एका लॅबमधी अटेंडंट लागलो. कोनत्या, ते नाही सांगत, पेन्शन जवळ आली हाये.

आमचं काम काय, तर विहिरीच्या पान्यात फवाऱ्याच्या जुन्या औषधाचा अंश हुडकनं. मोठं चिवट औषध, वर्षानुवर्षं पान्यात राह्यते, सडत नाही, उडत नाही, आमच्या हेडक्लार्कसारखं. जुनी रीत अशी, की लिटरभर पानी काचेच्या ढोल्या फनेलमधी घ्या, त्यात सॉल्व्हंट नावाचं उग्र रसायन ओता आन हालवा, हालवत राहा, मंग औषध पानी सोडून सॉल्व्हंटमधी येते. हालवनारा मी. तीस वर्षं हालवलं, तुमाले खोटं वाटन, उजवा हात डाव्याच्या दुप्पट झाला, पुसदचा एक टेलर माझ्या उजव्या बाहीसाठी कापड अलग मांगते. वापरलेलं सॉल्व्हंट, त्यातल्या औषधासकट, बादलीत, आन बादली मागच्या दारानं कडुनिंबाखाली. उडून जाते म्हनत साहेब लोक. मी टाकत गेलो.

मंग ह्या भांडनाच्या सहा महिन्याआंधी राठोड मॅडम आल्या, पोरीच्या वयाच्या, आन संगं एक सुई आनली. सुईत केसाएवढा धागा. बोटाएवढ्या कुपीत पानी घ्याचं, धागा सोडाचा, औषध धाग्याले चिकटते, तो धागा सरळ मशीनमधी. सॉल्व्हंटचा थेंब नाही. म्हने, यानं पर्यावरणाले त्रास नाही. मी म्हनलं, मले हाये ना. फनेल गेलं तर मी काय तुमच्या कुप्याइवर फुंकर मारत बसू. तर त्या सगळ्याइपुढं म्हनतात कशा, देवरावजी, चिमूटभर विष शोधायला बादलीभर विष ओतायचं, ही तुमची रीत.

तवापासून आमचं वाकडं. मी त्याइचं स्टूल लपवे, त्या माझं फनेल कपाटात घालून कुलूप लावत. चहा मात्र मीच करे, मागच्या बोरिंगवर जाऊन पानी हापसून आनी. दुश्मनालेबी दुसऱ्याच्या हातचा चहा मी पेऊ देत नाही.

एक दिवस डाव टाकला. राळेगावकडच्या एका शेतविहिरीची बाटली आलती. ती लपवली, आन दुसऱ्या बाटलीत बोरिंगचं पानी भरून तिच्यावर त्या विहिरीचं लेबल चिकटवलं. त्या बोरिंगचं पानी असं गोड, की साखर घातली तर चहा कडू लागन. तीस वर्षं तेच पेऊन मी एवढा झालो. त्यात धाग्यानं विष दाखवलं, की धागा खोटा, मॅडम खोट्या, आन माझं फनेल परत टेबलावर.

आन दाखवलं ना जी. मशीनच्या पडद्यावर औषधाची अशी टोकं उठली, साऱ्या सालात कोन्या शेताच्या पान्यात नाही उठली तशी. म्हनून मी बोंबललो.

मॅडमनं इतकंच विचारलं, पाणी कुठलं आहे. मी छाती फुगवून सांगतलं. त्या उठल्या, कपाट उघडलं, फनेल माझ्यापुढं ठेवलं. म्हनल्या, हलवा. तुमच्या रीतीनं.

मी ताजं पानी हापसून आनलं आन असं हालवलं, का खिडक्याइच्या काचा वाजल्या. मंग तेबी मशीनमधी घातलं, आन दोन्ही तपासाचे छापलेले कागद संगं ठेवून पायले. तीच टोकं, त्याच जागी. धाग्याच्या कागदावर एक टोक जास्त होतं. मी म्हनलं, हे पाहा, खोटं निघालं का नाही. त्या म्हनल्या, ते आपलं सॉल्व्हंट आहे, तुमच्या फनेलला ते दिसणार नाही, तुम्ही स्वतःच त्यात ओतता.

मी वापरलेल्याची बादली उचलली आन सवयीनं मागच्या दाराशी गेलो. तिथं कडुनिंब, आन निंबापासून चार पावलांवर बोरिंग. रोज पाहत होतो, त्या दिवशी दिसलं. बापाच्या हातचा वास आला, खरंच आला, ह्यात वाढवून काही सांगत नाही.

आता वापरलेलं सॉल्व्हंट झाकनाच्या डब्यात जाते, चावी माझ्यापाशी असते, हात बारीक होऊन राह्यला. मॅडमचं आन माझं अजूनबी जमत नाही.

पन त्या दिवशी बादली तशीच हातात धरून मी मागं फिरलो आन विचारलं, मॅडम, तीस वर्षं मी हेच पेलो, माझ्या पोटात किती गेलं असन.

त्याइनं मान वर नाही केली. म्हनल्या, सहा महिने मी तुमच्याच हातचा चहा पिते आहे, देवरावजी. आधी बोरिंगच्या हापशाचा दांडा काढून या.